झुंजीचे अक्षर

मला वाचायला कुणाला जवळ यावे लागत नाही, मित्रांनो. रुंद रस्त्याच्या पलीकडे उभे राहा, मधून दोन ट्रक जाऊ द्या, तरी मी दिसतो. मी छापखान्यातला एक जुना लाकडी टाईप आहे. टाईप म्हणजे एका घाटाच्या अक्षरांचा अख्खा संच. प्रत्येक अक्षर एकेका तुकड्यावर उलटे कोरलेले असते. त्या तुकड्याला खिळा म्हणतात. खिळे ओळीत जुळवायचे, त्यांवर शाईचा रूळ फिरवायचा आणि कागद दाबायचा, की अक्षर सुलटे उमटते. एवढे कळले की माझी गोष्ट कळायला अडचण नाही.

माझे खिळे दोनशे चौदा होते. आता एकशे त्रेपन्न उरले आहेत. बाकीचे एकसष्ट एका सकाळी पंचवीस मिनिटांत गेले. त्याच्या आदल्या दिवशी एक माणूस गेला होता. माणूस आधी गेला, म्हणून त्याचे आधी सांगायला हवे. पण त्याच्याकडे जायची वाट माझ्या जन्मावरून जाते.

गोदीच्या मागच्या रस्त्यावर अण्णांचा छापखाना होता. पुढच्या खोलीत अण्णा लाकडावर अक्षरे कोरत. मागच्या खोलीत त्यांची मुलगी खिळे जुळवी आणि मुलीचा मामा यंत्र चालवी. मुलीला सगळा रस्ता ताई म्हणे, तिच्याहून मोठी माणसेसुद्धा. मामा तर सगळ्यांचाच मामा. ताईचा धाकटा भाऊ बारक्या मात्र छापखान्यात दहा मिनिटे टिकत नसे. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याला ताईनेच न्हाऊमाखू घालून वाढवले. पुढे तो सहा फूट उंच झाला, पूर्व धक्क्यावर हमाल झाला, शंभर किलोचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून जहाजात चढू लागला, तरी घरात तो बारक्याच राहिला.

गोदीत दोन धक्के होते, पूर्व आणि पश्चिम. दोन्हीकडच्या हमालांमध्ये ठोसेबाजीचे सामने होत. एका रिकाम्या गोदामात चार खांबांना दोर बांधून चौकोन केलेला होता. तिथे लोक एकमेकांचे दात पाडत आणि हजारभर लोक ते बघायला येत. हे सामने भरवणारा गृहस्थ एक दिवस अण्णांकडे आला.

"अण्णा, तुमची अक्षरं फार सभ्य आहेत," तो म्हणाला. "लग्नाला बोलावल्यासारखी वाटतात. मला अशी पाहिजेत, की समोरच्या फुटपाथवरून थेट माणसाच्या नाकावर बसली पाहिजेत."

"मी आयुष्यात मारामारी बघितलेली नाही," अण्णा म्हणाले.

"मग या की. पुढच्या रांगेत बसवतो. फक्त पांढरा सदरा घालून येऊ नका."

अण्णा चार सामने बघून आले. हातात वही होती, आणि वहीच्या दोन पानांवर दुसऱ्या कुणाचे रक्त होते. त्यांनी एक गोष्ट टिपून आणली होती. ठोसा मारण्याआधी माणूस पुढच्या पायावर भार टाकतो, हनुवटी छातीत खुपसतो आणि खांदा पुढे काढतो. माझे प्रत्येक अक्षर तसे उभे आहे. माझे काने खाली जाड आणि पुढे झुकलेले आहेत. शिरोरेघ रागाने खाली ओढलेल्या भुवईसारखी आहे. 'ठ', 'ध', 'व' यांच्या पोटातली मोकळी जागा इतकी चिंचोळी आहे, की ती ठोशाने सुजून मिटत आलेल्या डोळ्यासारखी दिसते. जिथे गोलाई हवी तिथेही अण्णांनी कोपरा काढला.

दोन वर्षे वाळवलेल्या कठीण लाकडाचे त्यांनी तुकडे पाडले, रंध्याने एका उंचीचे केले आणि पटाशीने मला मोकळे करायला घेतले. 'झ' कोरताना पटाशी निसटली. डाव्या करंगळीचे टोक तुटून लाकडावर पडले. अण्णांनी ते उचलून वाटीत ठेवले आणि आधी लाकडावरचे रक्त पुसले, कारण लाकूड ओले झाले की फुगते.

"अहो, बोट तुटलंय तुमचं!" ताई ओरडली.

"बोटं अजून नऊ आहेत," अण्णा म्हणाले. "'झ' एकच आहे."

सात महिन्यांत मी तयार झालो. पहिला कागद छापला तेव्हा मामा लगेच म्हणाला, "झकास." अण्णांनी त्याच्याकडे लक्ष दिले नाही. तो कागद त्यांनी समोरच्या घराच्या भिंतीवर चिकटवला आणि साठ पावले मोजत रस्त्याच्या टोकापर्यंत गेले. त्यांचा तो नेमच होता. मोठ्या अक्षरातले कुठलेही काम भिंतीवर लावून, साठ पावलांवरून पाहिल्याशिवाय यंत्रावर चढत नसे. "जवळून काय, सगळंच बरोबर दिसतं," ते म्हणत. "लांबून काय दिसतंय ते सांगा."

मी लांबून ठोशासारखा दिसत होतो. माझ्या नशिबाला तिथून बरकत आली. त्यानंतर अकरा वर्षे गोदीतला एकही सामना माझ्यावाचून झाला नाही. पोस्टरची मांडणी ठरून गेली. डावीकडे 'पूर्व धक्का', उजवीकडे 'पश्चिम धक्का', मधोमध वेळ आणि खाली जागा. मी भिंतीवर लागलो, की चहा टाकून लोक उठत. ज्यांना अक्षरओळख नव्हती तेही मला ओळखत. एकदा ताईने पोस्टर चिकटवताना एका म्हाताऱ्या हमालाला विचारले, "काका, काय लिहिलंय कळलं का?"

"वाचायचं काय त्यात? हे अक्षर लागलं म्हणजे हाणामारी. वेळ तेवढी सांग बाई."

ताईला ही माझी वाहवा वाटली. मलाही वाटली. खोटे कशाला सांगू?

एका साबणवाल्याने हट्ट धरला म्हणून ताईने त्याची जाहिरात माझ्यात जुळवली. दुकानासमोर बायका थबकल्या. "साबण विकतोय की दम देतोय?" एक म्हणाली, आणि तो साबण काही खपला नाही. मामा आठवडाभर हसत होता. अण्णा हसले नाहीत. "त्याचा घाट झुंजीचा आहे," ते म्हणाले. "त्याला दुसरं काम सांगू नका."

या काळात बारक्याही दोरांच्या चौकोनात उतरू लागला. पश्चिम धक्क्यावरचा त्याचा प्रतिस्पर्धी म्हणजे लोखंड्या, बसक्या नाकाचा, रुंद मानेचा, बोलायला लाजाळू. एका सामन्यात त्याने बारक्याच्या दोन बरगड्या मोडल्या आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्याच्यासाठी संत्री घेऊन आला. "जास्त लागलं का रे?" त्याने विचारले. बारक्याला हसताही येत नव्हते. ताईने ती संत्री सोलली आणि दोघांनाही दिली.

मग धंदा फिरला. जहाज कंपन्यांनी पूर्व धक्क्याचे काम काढून पश्चिम धक्क्याला दिले. पूर्वेचे सहाशे हमाल घरी बसले आणि पश्चिमेचे हमाल त्यांची जहाजे भरू लागले. पहिल्या आठवड्यात शिव्या झाल्या, दुसऱ्यात दगड. तिसऱ्या आठवड्यात आकडा निघाला. हमालाचा आकडा तुम्ही पाहिला नसेल. पोते ओढायची वीतभर लांबीची लोखंडी नखी असते ती, लाकडी मुठीची. पोत्यात जाते तशीच पोटात जाते. एका माणसाचा डोळा गेला, दुसऱ्याचे आतडे बाहेर आले. पोलिसांनी सामने बंद केले. मी खणात पडून राहिलो.

एका सोमवारी सकाळी दहा वाजता दोन्ही धक्क्यांच्या संयुक्त समितीचे चिटणीस धापा टाकत छापखान्यात आले.

"ताई, दुपारी चारला बोलणी आहेत. कंपनी काम वाटून द्यायला तयार झालीय. त्या वेळी गोदीच्या मोठ्या फाटकावर माणूस जमता कामा नये. एक दगड पडला तरी कंपनी उठून जाईल. बारापर्यंत दोनशे पोस्टरं पाहिजेत."

त्यांनी मजकूर पुढे केला. पूर्व धक्का आणि पश्चिम धक्का, दोन्हीकडच्या कामगारांनी दुपारी चार वाजता मोठ्या फाटकावर येऊ नये, बोलणी चालू आहेत, घरीच थांबावे. एवढाच मजकूर. ताईने तो दोनदा वाचला. सकाळी बारक्या न जेवता घराबाहेर पडला होता आणि भिंतीच्या खुंटीवरचा त्याचा आकडाही जागेवर नव्हता. हे तिने कुणाला सांगितले नव्हते.

"मोठ्या अक्षरात लावते," ती म्हणाली. "त्याला कुठूनही दिसलं पाहिजे."

"कुणाला?" मामाने विचारले.

"सगळ्यांना."

तिने माझा खण ओढला. मामा जरा घुटमळला. "ताई, ही झुंजीची अक्षरं आहेत."

"एवढी मोठी दुसरी आहेत आपल्याकडे? असली तर दे."

दुसरी नव्हती. अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यांवर पट्टी बांधून वरच्या मजल्यावर घरी पडले होते. त्यांना विचारायला जिना चढण्याइतकाही वेळ ताईने काढला नाही. ताईचे हात खिळे जुळवू लागले. अकरा वर्षे त्या हातांनी एकच मांडणी केली होती, म्हणून त्यांनी तीच केली. डावीकडे 'पूर्व धक्का', उजवीकडे 'पश्चिम धक्का', मधोमध 'दुपारी ४', खाली 'मोठे फाटक'. मग 'येऊ नका' घ्यायला ती वळली, तर 'क' संपलेला. माझ्यात पूर्ण 'क' तीनच होते, कारण सामन्याच्या पोस्टरला त्याहून जास्त कधी लागले नव्हते. दोन धक्क्यांनी दोन घेतले, फाटकाने तिसरा. साडेअकरा होत आले होते. तिने 'येऊ नका' आणि पुढचा मजकूर साध्या धातूच्या खिळ्यांत जुळवला. ती अक्षरे माझ्या पाव उंचीची होती.

मामाने छापलेला पहिला कागद टेबलावर ठेवला. ताईने वाचला, मामाने वाचला, चिटणीसांनी वाचला. मजकूर चोख होता. एकही चूक नव्हती.

"भिंतीवर लावून बघायचं?" मामाने विचारले.

ताईने घड्याळाकडे पाहिले. "आज राहू दे."

मित्रांनो, मी लाकडात असतो तसा कागदावरही असतो. त्या दुपारी मी दोनशे भिंतींवर होतो, म्हणून पुढचे मी स्वतः पाहिलेले सांगतो. साडेबाराच्या सुमारास मी लागलो. एक वाजता पश्चिम धक्क्याच्या खानावळीतून दोघे बाहेर आले आणि रस्त्यापलीकडून मला पाहून पुन्हा आत धावले. "पूर्ववाल्यांनी आव्हान दिलंय! चार वाजता, फाटकावर!" पूर्व धक्क्याच्या वस्तीतही तेच झाले. जवळ जाऊन वाचणारे होते, नाही असे नाही. एक शिक्षिका गर्दीला ओरडून सांगत होती, "अहो, येऊ नका म्हणून लिहिलंय!" पण गर्दी पुढे सरकली होती. बारक्याने मला मालवाहू गाडीच्या मागच्या फळीवर उभे राहून पाहिले. गाडी थांबली नाही. त्याने माझ्याकडे बोट दाखवले आणि बरोबरच्यांना म्हणाला, "बघा, त्यांनी वेळसुद्धा ठरवलीय."

साडेतीनला फाटकावर सातशे माणसे होती. तीन चाळीसला पहिला दगड पडला. त्यानंतर जे झाले ते सात मिनिटे चालले. एका माणसाचे डोके फाटकाच्या गजांवर तीनदा आपटले गेले. पहिल्या आणि तिसऱ्या वेळेचा आवाज वेगळा होता. एकाच्या गालातून आकडा जाऊन तोंडात निघाला आणि तो तसाच आकडा घेऊन पळाला. पडलेल्यांच्या बोटांवरून बूट गेले. लोखंड्या भांडायला आला नव्हता. तो आपल्या लोकांना मागे ओढत होता, आणि त्यासाठी पाठ फिरवून उभा होता. बारक्याला रुंद पाठ दिसली आणि वर उचललेले दोन हात दिसले. त्याने आकडा मानेच्या खाली मारला. मग लोखंड्या वळला. बारक्याने त्याला ओळखले, आणि मूठ सोडून दिली. तेवढ्यात कुणीतरी पहारीने बारक्याचे डोके फोडले. दोघे एकमेकांवर पडले.

बोलणी मोडली. चौदा जण दवाखान्यात गेले. लोखंड्या वाटेतच संपला.

संध्याकाळी दवाखान्यात बारक्याला जेमतेम शुद्ध आली, तेव्हा तो ताईला म्हणाला, "ताई, मी त्याला मारलं. तोंड नव्हतं दिसलं गं." ताईने कान त्याच्या तोंडाशी नेला होता, त्यामुळे ते दुसऱ्या कुणी ऐकले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता पश्चिम धक्क्याची चाळीसेक माणसे छापखान्यावर चालून आली. पत्ता शोधावा लागला नाही. माझ्यासारखे अक्षर साऱ्या शहरात दुसऱ्या कुणाकडे नव्हते, आणि मी कुणाचा हे शेंबडे पोरसुद्धा सांगू शकले असते. दाराची काच फुटली. मामा आडवा आला, तर त्याला उचलून यंत्रावर आपटले. त्याचे खालचे दोन दात रुळाखाली गेले. मग त्यांनी माझा खण उपसला. कुऱ्हाडीचा पहिला घाव 'प' वर बसला. लाकूड माझे उभ्या धाग्याचे, त्यामुळे एका घावात दोन फाळक्या होतात. ते मला फोडत होते, भिंतीवर फेकत होते, पायाखाली घेत होते. घराचा जिना उतरून, डोळ्यांना पट्टी बांधलेले अण्णा आवाजाच्या दिशेने चाचपडत आले.

"कोण आहे? काय फोडताय?"

"आम्हाला बोलावून मारलंत तुम्ही!" एक जण ओरडला. "हे अक्षर कुणाचं आहे?"

"माझं," अण्णा म्हणाले. "मी कोरलंय."

त्याने हातातला खिळा फेकून मारला. तो 'ध' होता, दोन वीत लांब आणि चांगला जड. अण्णांचे खांद्याजवळचे हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. माझ्याच अंगाने तो केला होता.

ताईने तेव्हा एक गोष्ट केली. टेबलाखाली कालची चार-पाच पोस्टरे उरली होती. त्यातले एक तिने काढले आणि सगळ्यांसमोर भिंतीवर दाबून धरले.

"वाचा," ती म्हणाली. "मारायचं तर नंतर मारा. आधी जवळ येऊन वाचा."

गर्दीच्या पुढे लोखंड्याचा मोठा भाऊ होता. त्याला थोरला म्हणत. डोळे सुजलेले, हातात पहार. तो पुढे आला आणि खालच्या ओळीवर वाकला. वाचता येत होते, पण अडखळत.

"येऊ... नका." तो थांबला. पुन्हा वाचले. "येऊ नका?"

"बोलणी चालू आहेत म्हणून येऊ नका असं लिहिलंय. कुणीही बोलावलं नव्हतं. तुम्हालाही नाही, त्यांनाही नाही."

"मग हे एवढं बारीक का?"

"मोठा 'क' संपला होता."

थोरल्याने खाली पडलेल्या तुकड्यांकडे पाहिले, मग तिच्याकडे. "आणि तुझ्या लक्षात नाही आलं?"

"लांबून बघायला पाहिजे होतं. अण्णा नेहमी बघतात. मी नाही बघितलं."

"माझा भाऊ लोकांना परत न्यायला गेला होता," थोरला म्हणाला. "त्यानं हे वाचलं होतं की काय, देव जाणे." मग त्याने पहारीचे टोक जमिनीवर टेकवले. "दुपारी एकला त्याला नेतोय. रस्ता दवाखान्यावरून जातो. तिथं पूर्वेचे नऊ जण पडलेत. माझ्या मागं हजार माणसं असतील आणि त्यांना वाटतंय की सापळा लावून मारलं. मी नाही आवरू शकत त्यांना. तू छाप. काय झालं ते सगळं छाप. आणि कुणी मारलं तेही."

ताईने पोस्टर भिंतीवरून खाली घेतले.

"तुला माहितीय," थोरला म्हणाला. "तुझ्या तोंडावर दिसतंय."

"नाव छापलं तर त्याचं काय कराल?"

"कोर्ट करील काय करायचं ते. खरं छापलंस, तर दवाखान्याची पायरी आमचा एकही माणूस चढणार नाही. नाही छापलंस, तर मी शब्द देत नाही."

मामा यंत्राला टेकून रक्त थुंकत होता. "ताई, तोंडातून अवाक्षर काढू नकोस," तो म्हणाला. "फासावर देशील त्याला."

"नाही दिलं तर तो एक वाजल्यानंतर जगणार आहे का, मामा?"

तिने पदराने हात पुसले आणि थोरल्याकडे वळली. "छापते."

"ह्याच अक्षरात छाप," थोरला म्हणाला आणि पायाने मला ढकलले. "सगळ्या गावाला दिसू दे."

"ह्याच्यात नाही."

"का? तेव्हा बरं चाललं?"

"ह्याच्यात मी माफी मागितली तरी लोक आकडे घेऊन येतील," ताई म्हणाली. "दादा, ह्याच्यात काहीही लिहिलं तरी एकच वाचतात."

भिंतीला टेकून बसलेले अण्णा दात आवळून म्हणाले, "बरोबर बोलतेय ती. पुस्तकाचा टाईप घे, ताई. सगळ्यात लहान."

म्हणून त्या दिवशी मी जमिनीवर पडून पाहत होतो, आणि माणसाच्या अंगठ्याएवढ्या जागेत ज्यांचे चार शब्द मावतात असे खिळे काम करत होते. ताईने अख्खा कागद भरून मजकूर जुळवला. कुठेही लिहून न घेता, थेट खिळ्यांतच. वर मथळा नव्हता. बोलणी कधी ठरली, पोस्टर कुणी सांगितले, कुणी जुळवले. 'नका हा शब्द मी लहान केला. फाटक हा शब्द लहान करायला हवा होता. चूक माझी आहे, पूर्व धक्क्याची नाही आणि पश्चिम धक्क्याचीही नाही.' लोखंड्या कुणालाही मारत नव्हता, तो लोकांना मागे ओढत होता. मग तिचे हात थांबले. खणातून पुढचा खिळा उचलायला तिला किती वेळ लागला ते मी सांगू शकतो, कारण भिंतीवरचे घड्याळ फुटले नव्हते. चार मिनिटे. थोरला तिच्या मागे उभा होता. त्याने घाई केली नाही. 'आकडा माझ्या भावाच्या हातात होता. त्याने मला तसे सांगितले आहे. त्याला शिक्षा होऊ द्या. पण दवाखान्यात आणखी आठ जण आहेत, त्यांनी कुणाला मारलेले नाही.' खाली तिने स्वतःचे नाव घातले आणि छापखान्याचा पत्ता घातला.

सामना हरलेला माणूस उठून उभा राहतो तसा मामा उठला आणि यंत्राला भिडला. मघाशी कुऱ्हाड चालवणारे दोघे कागद लावायला लागले. साडेअकराला तीनशे प्रती निघाल्या. थोरल्याच्या माणसांनी त्या अंत्ययात्रेच्या वाटेवर, दर दहा पावलांवर, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर चिकटवल्या.

त्या कागदांत मी नव्हतो. म्हणून पुढचे ऐकीव आहे. थोरल्याने पुढे ते ताईला सांगितले. हजारापेक्षा जास्त माणसे निघाली. बऱ्याच जणांच्या सदऱ्याखाली आकडे होते. पहिल्या भिंतीपाशी लोकांना करडा कागद दिसला, पण काय आहे ते लांबून कळेना. जवळ जावे लागले. जवळ गेले तरी एका वेळी दोघा-तिघांनाच वाचता येत होते, आणि वाचायला नाक भिंतीला लावावे लागत होते. ज्यांना वाचता येत नव्हते ते विचारत, "काय आहे? मोठ्यानं वाच की." मग एक जण वाचे आणि सात-आठ जण मान खाली घालून ऐकत. 'माझ्या भावाच्या हातात होता' या ओळीपाशी कुणी शिवी घाले, कुणी ती ओळ पुन्हा वाचायला लावी. एक जण म्हणाला, "सख्खी बहीण आहे का ही?" दुसरा म्हणाला, "आहे. मी ओळखतो तिला." गर्दी कधी कशी तुटली ते कळलेच नाही. दवाखान्यापाशी पोचेपर्यंत तिची पंचवीस-तीस माणसांची टोळकी झाली होती आणि टोळक्यांमध्ये अंतर पडले होते.

दवाखान्याच्या फाटकासमोर थोरला थांबला. तिरडीचा पुढचा दांडा त्याच्याच खांद्यावर होता. वरच्या मजल्यावर एका खिडकीत ताई उभी होती. दोघांनी एकमेकांना पाहिले. मागून कुणीतरी ओरडले, "काय बघतोस? आत शीर!" दगड आला. खिडकीची काच फुटली, ताईच्या कपाळावर तुकडा लागला. ती बाजूला झाली नाही. थोरल्याने मागे न वळता म्हटले, "ज्यानं दगड मारला त्यानं खांदा द्यायला पुढं यावं. भावाच्या ओझ्यानं माझा खांदा मोडलाय." कुणी पुढे आले नाही. थोड्या वेळाने दोन माणसे आली आणि त्यांनी मागच्या दांड्यांना खांदा दिला. मग तिरडी तशीच पुढे गेली.

बारक्या जगला. त्याला अकरा वर्षांची शिक्षा झाली. खटल्यात ताईचा कागद पुरावा म्हणून वाचला गेला आणि तो तिने नाकारला नाही. पहिली दोन वर्षे बारक्या तिला भेटायला तयार नव्हता. ती दर महिन्याला जाई, दारातून परत येई. तिसऱ्या वर्षी तो आला आणि समोर बसला. काय बोलले ते मला माहीत नाही. घरी आल्यावर ती मामाला एवढेच म्हणाली, "वजन कमी झालंय त्याचं."

अण्णांचे हाड वाकडे जुळले. त्यांनी पुन्हा पटाशी धरली नाही. माझे फुटलेले एकसष्ट खिळे त्यांनी कोरून दिले नाहीत, आणि कुणी मागितलेही नाहीत.

आता मी छपाई शिकवणाऱ्या एका शाळेच्या कपाटात असतो. कुणीतरी माझे ठसे घेऊन मला संगणकातही नेले आहे. तिथे माझे 'क' संपत नाहीत. बिस्किटांच्या पुड्यांवर, खेळण्यातल्या बंदुकांवर, भांडकुदळ बातम्यांच्या पट्ट्यांवर मी असतो. परवा एका दवाखान्याच्या पाटीवर मी स्वतःला पाहिले आणि माझे लाकूड शहारले.

मित्रांनो, माझी निगा राखणे अवघड नाही. मला पाण्याने धुऊ नका, रॉकेलच्या फडक्याने पुसा. उन्हात ठेवू नका. एकावर एक रचू नका, माझ्या कडा एकमेकांना खातात. पण एक विनंती याहून मोठी आहे. जे माझ्यातून सांगायचे असेल ते आधी लहान अक्षरात लिहा. ज्या माणसाला ते लागणार आहे, त्याला जवळ बसवा आणि त्याच्या तोंडाकडे बघत वाचून दाखवा. एवढे करूनही ते साऱ्या रस्त्याला दिसावे असे वाटले, तर कपाट उघडा. मी एकशे त्रेपन्न खिळ्यांचा उरलो आहे, आणि मी अजून जोरात मारतो.